डबा आणणारीचे आभार

घरून,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०१४

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद. (सवयीने लिहिले. ठेवायचे की परत घ्यायचे ते पुढे बघू.)

काल, शुक्रवार, १४ नोव्हेंबरला, दुपारी सव्वाचार वाजता तू मला भर सभागृहात उभं केलंस. वेळ नक्की सांगते, कारण तुझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मोतीबिंदू काढल्यापासून मला घड्याळं फार स्वच्छ दिसतात.

तुझं व्याख्यान संपत आलं होतं. पडद्यावर वाळून चुरा व्हायच्या बेताला आलेलं शेवाळ पाण्याच्या एका थेंबाने उलगडत गेलं, हिरवं झालं, आणि लोकांच्या तोंडून आवाज निघाला. तेव्हा तू गळा साफ करून म्हणालास की या कामामागे एक व्यक्ती आहे, तिच्यावाचून हे झालंच नसतं. मी पदर सावरून ताठ बसले. वाटलं, आता आपल्या मधलीच्या पोरीचं, टिटवीचं नाव येणार. हे शेवाळ तिने रानावनातून खरवडून आणलं, वाढवलं, वाळवलं, जगवलं, आणि त्यापायी स्वतः वाळून काडी झाली. आणि तू हात केलास माझ्याकडे! म्हणालास की माझ्या ताईने हे नमुने डोळ्याच्या पिरपिऱ्या दुखण्यातसुद्धा मांडीवर डबा धरून आणले, तिने जरा उभं राहावं.

मी उभी राहिले. टाळ्या पडल्या. अर्धवट उभी असतानाच कळलं की यापुढे कुणाचंही नाव येणार नाही. पण माझ्या वयात अर्धवट उठलेल्या माणसाला पुरतं उठावंच लागतं, गुडघे मध्ये थांबत नाहीत.

तू कौतुकाने हातात दिलेला तुझा छापील पेपर परतीच्या बसमध्ये वाचला. पहिलं नाव तुझ्या विद्यार्थ्याचं, त्या लंबूचं. शेवटचं तुझं. मध्ये आणखी दोघं. टिटवी कुठेही नाही. मग शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, लेखकाच्या भगिनीचे, नावासकट, नमुने पोचवल्याबद्दल आभार. वा! ज्याने विहीर खणली तो तहानलेला, आणि घागर उचलणाऱ्या बाईचा सत्कार.

एप्रिलमध्ये मी ऑपरेशनला तुझ्याकडे यायला निघाले तेव्हा तूच सांगितलंस की टिटवीचा डबा ताईबरोबर पाठवा, दोन लॅबमधले करारबिरार कशाला, घरचंच तर आहे. नंतर जेवणाच्या टेबलावर बसून तू तिला फोनवर म्हणालास की काम दोघांचं मिळून, फोटो आमच्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली निघतील, पेपरवर पहिलं नाव तुझं. मी समोर होते. माझ्या डोळ्यावर पट्टी होती, कानावर नव्हती.

सगळं आयुष्य मी कोर्टात लोकांचं बोलणं लघुलिपीत उतरवून घेतलं. तेव्हा फोन करू नकोस. काय झालं आणि का झालं ते कागदावर लिही.

तुझी,
ताई

*

लॅबमधून,
२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. हिला म्हटलं, कोर्ट सुटलं पण ताईचा समन्स काढायचा सोस सुटला नाही. मग वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या सभेत मी बहिणीचा मान केला आणि तिने त्यातून फिर्याद काढली. तुझ्या शेजारी बसलेल्या कुलगुरूंनी नंतर मुद्दाम तुझी चौकशी केली, ते तर तुला ठाऊकही नसेल.

ताई, विज्ञानातलं नावांचं प्रकरण बाहेरच्याला वाटतं तितकं सरळ नसतं. टिटवीने शेवाळ दिलं, मान्य. तिचा खारीचा वाटा मी कधीच नाकारलेला नाही. पण दिलेल्या वस्तूवर आम्ही सगळं काम नव्याने, स्वतंत्रपणे केलं. आमची लॅब तू पाहिलीस. सातही दिवस चालते, पंखे आणि यंत्रं वर्षाकाठी एक दिवस बंद नसतात. म्हणून तर जे तिला इतकी वर्षं रेंगाळत करावं लागलं ते आमच्याकडे एका उन्हाळ्यात झालं. पेपर वेगाचा असतो, ताई. थांबतो तो मागे पडतो.

आणि खरं सांगू का? तिचं नाव मी तिच्याच भल्यासाठी गाळलं. भाचीचं नाव मामाच्या पेपरवर आलं तर उद्या जग म्हणेल, मामाने घुसवली. जन्मभर तो डाग. मी या बाबतीत फार काटेकोर आहे. घरच्या माणसाला माझ्याकडून सवलत नाही. टिटवी हुशार आहे, ती समजून घेईल. तिने मला एका शब्दाने विचारलेलं नाही, हेही लक्षात घे.

तेव्हा राग सोड. एकतीस जानेवारीला याच कामासाठी माझा सत्कार आहे, त्याच सभागृहात. पुढच्या रांगेतली खुर्ची तुझ्या नावाने ठेवतोय. गाडी पाठवीन. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना?

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बोका

*

हॉस्टेलवरून,
३० नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबत मामाच्या पत्राची नक्कल मिळाली. नक्कल तू स्वतः हाताने काढलीस, स्वल्पविरामासकट. त्याच्या पत्रातल्या "भल्यासाठी" या शब्दाखाली तू ओढलेली रेघ मात्र मूळ पत्रात नसावी.

मला कसं कळलं ते विचारतेस. ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या गाईडबाईंनी बोलावलं आणि पेपर टेबलावर ठेवून स्वतः खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. मी वाचायला लागले. आधी छान वाटलं, कुणीतरी माझ्यासारखाच विचार करतंय म्हणून. दुसऱ्या पानावर कळलं की माझ्यासारखा नाही, माझाच. मग लेखकांची नावं पाहिली. मी नेहमी नावं शेवटी बघते, वाईट सवय.

तुला मी नेमकं काय केलं ते नीट सांगते, कारण आईला सांगायला गेलं की ती म्हणते, असू दे, मामाच आहे ना. शेवाळ वाळवून परत जिवंत करायचं, हे काम जुनंच आहे. अडचण अशी की लॅबमध्ये पंख्याखाली वाळवलं की ते मरतं. माझंही मरायचं. त्यात आमच्या इमारतीची हवा, म्हणजे सगळे पंखे, साप्ताहिक सुट्टीला बंद करतात. मी त्यासाठी केवढी भांडले! रखवालदाराशी, बांधकाम खात्याशी, दोन अर्ज केले. प्रयोग बिघडतो म्हणून रडले. आणि मग एका सोमवारी बघते तर ज्या प्लेट सुट्टीआधी वाळायला ठेवल्या होत्या त्या पाणी घालताच जिवंत, आणि ज्या सुट्टीनंतर ठेवून शनिवारच्या आत वाळवल्या त्या मेलेल्या. दर वेळी तेच. माझा सगळा शोध एवढाच आहे, मावशी: वाळताना मध्ये एक दिवस कुणी छळलं नाही तर ते स्वतःला आवरून घेतं आणि जगतं. तो एक दिवस आत काय होतं हे शोधण्यात पुढची वर्षं गेली. त्याचे फोटो काढायला मामाचा मायक्रोस्कोप हवा होता.

तू डबा नेलास त्यानंतर लंबूचा फोन आला की सगळं मरतंय. मीच त्याला सांगितलं की तुमचे पंखे थांबत नाहीत म्हणून मरतंय, मध्ये एक दिवस बंद ठेवा. सातव्या दिवशीच असं काही नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशीही चालेल. सातवा आमच्याकडे आहे कारण आमची सुट्टी सातव्या दिवशी असते. तो फार वेळा थँक्यू म्हणाला. बिचारा वाईट नाही गं.

आता पुढचं. बारा जानेवारीला आमची डॉक्टरेट समिती बसते. थीसिसमधलं काम आधी दुसऱ्या कुणी छापलं असेल तर ते नवं धरत नाहीत. माझी तीन प्रकरणं त्यातच आहेत. म्हणजे एकतर मामाने मासिकाला दुरुस्ती पाठवून माझं नाव घालायचं, नाहीतर मी नव्या विषयाला नव्याने सुरुवात करायची. दोन्हीपैकी काय होईल ते मला दिसतंय.

बाईंवर रागावू नकोस. त्यांची बढती ज्या समितीपुढे आहे तिचा अध्यक्ष मामा आहे.

तुझी माया आहे तेवढी पुरे, भांडण नको.

तुझी,
टिटवी

*

घरून,
५ डिसेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. हे खरेखुरे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मावशी म्हणून, दुसऱ्यांदा साक्षीपुराव्याला बसल्यासारखं. दुसऱ्या वाचनात फार मजा आली. ती तुला पुढे कळेल.

आधी एक तक्रार. तुझं टिटवी हे नाव मी ठेवलं, कारण पाळण्यात तू असा टाहो फोडायचीस की खालच्या मजल्यावरचा शिंपी शिवण थांबवायचा. तो आवाज कुठे नेऊन पुरलास? मामाच्या पेपरवर आपलं नाव नाही हे बघून कुणी "बिचारा वाईट नाही" असं लिहितं का? लंबू वाईट नसेल. भिजलं मांजरही वाईट नसतं, पण दूध त्यानेच प्यायलेलं असतं. आणि तुझा मामा तर लहानपणापासून डोळे मिटून पितो. त्याला बोका काय मी हौसेने म्हणते? साईचं भांडं रिकामं सापडायचं, मिशा पांढऱ्या असायच्या, आणि हा शपथेवर सांगायचा की मी भांडं सांडू नये म्हणून सांभाळत होतो. आज तुझं नाव सांभाळतोय.

मामा बनवणं हा वाक्प्रचार आम्ही शाळेत शिकलो. मामाने बनवणं तुझ्या नशिबी आलं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर होती. परीक्षेत नक्कल पकडायची तिची रीत वेगळी होती. बरोबर उत्तरं जुळली तर ती लक्षच द्यायची नाही. म्हणायची, दोघींनी अभ्यास केला असेल. ती चुका ताडून बघायची. एकीच्या चुकीला कारण असतं. दुसरीच्या वहीत तीच चूक विनाकारण आलेली असते. तुझं पत्र वाचताना मला सिस्टरची फार आठवण आली.

तुझ्या आईला सांग की मामा असणं हे नातं आहे, पदवी नव्हे. आणि बाईंना सांग की खिडकीबाहेर बघून बढती मिळते, झोप मिळत नाही. नाहीतर नको सांगूस, ते माझ्यावर सोड.

तुला भांडायचं नाही, ठीक. मला भांडायला तुझी परवानगी हवी. नाही म्हणालीस तरी मी भांडणारच आहे, पण तू हो म्हणालीस तर बरं वाटेल. जेवत जा. टिटवीने समुद्र आटवला म्हणतात, पण उपाशीपोटी नाही.

माझ्या आयुष्याची उरलेली तिरीमिरी तुझ्या पाठीशी आहे.

तुझी,
मावशी

*

हॉस्टेलवरून,
१५ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला आवडणार नाही. भांडू नकोस एवढंच सांगायला लिहितेय.

गेल्या मंगळवारी बाईंनी मला बोलावलं. मामाचं पत्र त्यांच्याकडे आलंय. सोबत माझ्या सहीसाठी एक मजकूर आहे: मी दिलेलं शेवाळ ही कुणालाही मिळू शकणारी साधी वस्तू होती, ती मी कौटुंबिक स्नेहातून दिली, आणि प्रकाशित कामाशी माझा संबंध नाही. बारा जानेवारीच्या आत सही करून दिली तर समिती मला नवा विषय देईल, मामा सहमार्गदर्शक होईल, आणि पुढच्या एखाद्या पेपरवर मध्ये कुठेतरी माझं नाव येईल. सही केली नाही तर मामाच्या लॅबशी असलेलं आमचं सगळं काम थांबेल. त्यात बाईंच्या आणखी दोन मुली आहेत. त्यांनी कुणाचं काय केलंय?

बाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या की त्यांच्या गाईडने त्यांच्याशी हेच केलं होतं, आणि त्यांनी तेव्हा ठरवलं होतं की आपण असं वागायचं नाही. एवढं बोलून त्यांनी मला पेन दिलं. वाईट वाटायलासुद्धा मला उसंत मिळाली नाही.

मी पेन घेतलं, सही केली नाही. म्हटलं, घरी विचारते. म्हणजे आईला. आईने मामाच्या पहिल्या व्याख्यानाचा फोटो अजून कपाटाच्या दाराला लावलेला आहे. ती रडली आणि म्हणाली की सही कर गं, माझं माहेर म्हणजे आता मावशी आणि मामा ही दोघंच उरलीत, त्यात भिंत नको. तिचं माहेर माझ्या थीसिसवर उभं आहे हे मला माहीत नव्हतं.

लंबूचाही फोन आला. त्याला नोकरी मिळालीये, याच पेपरवर. तो म्हणाला की त्याने सुरुवातीला माझं नाव घातलं होतं आणि मामांनी ते खोडलं. हे कुणाला सांगू नकोस म्हणाला. मी तुला सांगितलं. तू कुणी नाहीस, तू मावशी आहेस.

प्लेट सगळ्या बाहेर काढून ठेवल्यात. रोज ठरवते की टाकून देऊ, आणि रोज फक्त जागा बदलते.

सही करावी असं वाटतंय. थकले गं. तू रागावलीस तरी मला लिहायचं बंद करू नकोस.

तुझी,
टिटवी

*

लॅबमधून,
१८ डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

तू बाईंना पत्र घातल्याचं कळलं. मधलीलाही काय काय लिहिलंस. मधली दोन दिवस जेवलेली नाही. या वयात बहिणीला रडवून तुला काय मिळालं?

स्पष्ट लिहितो. दुरुस्ती पाठवायची म्हणजे मी स्वतःच्या हाताने कबूल करायचं की चूक झाली. त्यानंतर माझ्या प्रत्येक जुन्या पेपरकडे लोक भिंग घेऊन बघणार. आणि लंबूचं काय? त्याने दिवसरात्र मेहनत केली, त्याच्या घरी तोच एक कमावता होणार आहे. तोही कुणाचा तरी भाचा आहे, ताई. तुझा नाही म्हणून त्याची भाकरी काढून घ्यायची?

टिटवी सही करायला तयार आहे. तिची तक्रारच नाही. तक्रार आहे ती तुझी. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी हवं असतं हे मी समजू शकतो, पण घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊन तो वेळ घालवू नकोस. ऑपरेशनच्या वेळी हिने तुझं पथ्यपाणी केलं, मी रात्री उशाशी बसलो, ते तरी आठव.

एकतीस जानेवारीला येशील, पुढच्या रांगेत बसशील, आणि आपण हा विषय संपवू.

थोरलीने थोरलेपण राखावं, एवढंच मागणं.

बोका

*

घरून,
सोमवार, २२ डिसेंबर २०१४

चि. बोक्यास,

आशीर्वाद या वेळी लिहिलेले नाहीत. विसरलेले नाहीत.

उशाशी बसलास ते मला आठवतं. मी ते विसरणार नाही, आणि त्याची परतफेड म्हणून टिटवीला देणारही नाही. माझ्या डोळ्याचं देणं माझ्याकडून घे. पोरीच्या नावातून कापून घेऊ नकोस.

आता तुझ्या पहिल्या पत्राकडे वळते. ते समोर आहे. तू लिहितोस की सगळं नव्याने, स्वतंत्रपणे केलं. पुढच्याच ओळीत लिहितोस की तुमची लॅब सातही दिवस चालते, पंखे वर्षाकाठी एक दिवस बंद नसतात. बरं. तुझ्या पेपरचं चौथं पान काढ. मी काढलंय. तिथे लिहिलंय की वाळवताना दर सातव्या दिवशी हवा बंद ठेवली. का रे? तुमच्याकडे सातव्या दिवशी काय असतं? पाचव्या दिवशी का नाही, तिसऱ्या दिवशी का नाही? तुझ्या पेपरात त्याचं कारण नाही. मी शोधलं. कारण कुठे आहे ते मी सांगते: मधलीच्या पोरीच्या इमारतीत आहे. तिथे सुट्टीला हवा बंद होते, त्यावरून ती रखवालदाराशी भांडली, आणि त्या भांडणातून तिला शोध लागला. तुम्ही तिचा शोध उतरवलात आणि तिची सुट्टीही उतरवलीत. ज्या घराला रविवार नाही त्या घराने रविवार पाळला! शेजारणीचा पेपर उतरवताना तिचं नावही उतरवणारी मुलगी आमच्या शाळेत होती. ती सातवी नापास होती, तू विभागप्रमुख आहेस, फरक एवढाच.

खारीचा वाटा म्हणालास. तोही हिशेब नीट करू. मांडीवर डबा धरून वाळूचे दोन कण घेऊन आली ती खार मी. पूल तिने बांधला. तू खारीच्या पाठीवरून हात फिरवलास, फोटो काढून घेतलास, आणि पूल स्वतःच्या नावावर चढवलास.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आठ दिवस फिरतेय. घेताना ती घरची होती. करार नको, कागद नको, ताईच्या पिशवीत टाका. देताना मात्र ती परकी झाली, कारण जग काय म्हणेल. बोकोबा, ही काटेकोर माणसाची वागणूक नव्हे. काटेकोर माणूस घेतानाही भाचीकडून कागद करून घेतो. आणि त्याला जगाची एवढी भीती असेल तर बहिणीला सभेत उभी करत नाही. तुला एकदाही वाटलं नाही का, की माझे आभार छापलेस तिथेच तू लिहून दिलंस की वस्तू दुसरीकडून आली? मला खूश करायला गेलास. थोरली आहे, नाव छापलं की गप्प बसेल, असं वाटलं असेल. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या: पाठ ताठ, समास सरळ, आणि स्वतःचं नसलेलं बक्षीस परत करायचं. पहिल्या दोन वयाने गेल्या.

लंबूच्या भाकरीबद्दल. ती कुणी काढून घेत नाहीये. त्याचं नाव राहू दे, त्याने मेहनत केली. तिचं आधी घाल. दोन नावं एका ओळीत बसतात, मी छापील पान मोजून पाहिलंय. त्याच्या आड लपू नकोस. तो तुझ्यापेक्षा उंच असला तरी एवढा रुंद नाही.

मधली जेवली. मी काल तिच्याकडे जाऊन समोर बसून वाढलं. तिला मी एवढंच विचारलं की तुझ्या मुलीने सही केली आणि उद्या तिच्या हाताखाली एखादी पोर आली, तर तीही खिडकीबाहेर बघत पेन पुढे करेल, ते तुला चालेल का. तिने पानातलं संपवलं. मग उठून कपाटाच्या दारावरचा तुझा फोटो काढून आत ठेवला. फाडला नाही. ती मधली आहे, फाडणार नाही. दार मात्र मोकळं झालंय.

टिटवीची तक्रार नाही, हे तू दोन्ही पत्रांत लिहिलंस. कोर्टात असे पुष्कळ बघितले, ज्यांची तक्रार नसायची. त्यांच्या मागे नेहमी कुणीतरी मोठं माणूस उभं असायचं. ती थकली आहे. ती सही करेलही. मी तिला थांबवणार नाही, कारण तिच्यावर जोर करणारे आधीच भरपूर आहेत, त्यात आणखी एक मी नको. म्हणून हे तिच्याकडे मागत नाही, तुझ्याकडे मागते.

मासिकाच्या संपादकांना दुरुस्तीचं पत्र लिही. त्यात पहिलं नाव तिचं. त्याची प्रत तिच्या समितीला, बाराच्या बैठकीआधी पोचेल अशी. तिच्या सहीसाठी पाठवलेला तो मजकूर परत घेतल्याचं बाईंना कळव. आणि आभारांमधून मला काढ. डबा आणल्याबद्दल नातेवाईक एकमेकांचे आभार मानत नाहीत.

हे झालं नाही तर संपादकांना मी लिहीन. इंग्रजी अजून गंजलेलं नाही, सिस्टरच्या कृपेने. कोण म्हणून लिहिणार, असं विचारशील. मासिकात नाव छापून आलेली बाई म्हणून लिहीन, ते तूच छापलंस. एप्रिलचा प्रवास, डबा, जेवणाच्या टेबलावरचा फोन, तुझी दोन पत्रं, सातव्या दिवसाची सुट्टी, एवढंच लिहीन. विशेषण एकही घालणार नाही. ती कोर्टातली सवय आहे.

एकतीस जानेवारीची पुढच्या रांगेतली खुर्ची ठेवच. गाडी पाठवू नकोस, मी बसने येईन. दुरुस्ती झालेली असेल तर टाळ्या वाजवायला येईन. नसेल, तर या वेळी तू उभं करायची वाट बघणार नाही. आपणहून उठेन, आणि पुरतं बोलल्याशिवाय बसणार नाही.

फोन मी उचलणार नाही. हिला पाठवू नकोस. लोभ ठेवायचा की नाही ते तुझं उत्तर आल्यावर ठरवते. उत्तर लेखी हवं, तुझ्या सहीचं, शनिवार, १० जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात.

ताई